जळगाव ते जोरहाट विमानाने किती अंतर आणि किती वेळ?

तुम्ही विचारलंय की जळगाव विमानतळापासून आसामातल्या जोरहाट विमानतळापर्यंत अंतर किती, आणि आईला नेलं तर विमानात किती वेळ बसावं लागेल.

सरळ रेघ मारली तर सुमारे 1,990 किलोमीटर. मोठं जेट हे पावणेतीन तासांत कापेल. पण जळगावचं विमानतळ कुसुंब्याला, तिथली धावपट्टी दोन किलोमीटरही भरत नाही, तिथे पंख्यांचं छोटं एटीआर विमान उतरतं. ते तासाला पाचशेच्या आसपास जातं, म्हणजे चार तास झाले. आणि भरलेलं एटीआर एवढा पल्ला एका दमात गाठत नाही. थेट विमान नाहीच, तेव्हा हा आकडा नकाशापुरता.

माझा धाकटा भाऊ फौजेत, तिकडे पोस्टिंगला होता. आईला घेऊन मी मुंबई-कोलकाता मार्गे गेलो. जायचं पूर्वेला आणि आधी पश्चिमेला मुंबई, 355 किलोमीटर! मग मुंबई-कोलकाता सुमारे 1,665, कोलकाता-जोरहाट 735. बेरीज 2,755. जळगावहून थेट कोलकात्याला विमान असतं, तर हाच प्रवास 2,071 किलोमीटरचा झाला असता. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. हवेतले तास मोजले तर साडेपाच, फार तर सहा. बाकीचा वेळ खुर्च्यांवर.

आता ठेच लागली ते सांगतो. मी जळगाव-मुंबईचं तिकीट वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं होतं, चार पैसे वाचतील म्हणून. पहिलंच विमान रद्द झालं. पुढच्या कंपनीला त्याचं काय सोयरसुतक? तिकीट बुडालं. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास मिळत असेल तर तोच घ्या. नसेल, तर मुंबईला आदल्या दिवशी पोचा. कोणत्या वारी कोणतं विमान आहे ते बुकिंगच्या वेळीच बघा; इथली वेळापत्रकं सारखी बदलतात.

दुसरा रस्ता भुसावळचा. हावड्याची गाडी धरली की साधारण चोवीस तासांत हावडा, तिथून टॅक्सीने कोलकाता विमानतळ, आणि शेवटचा टप्पा तेवढा विमानाने. आईचे गुडघे दुखत असतील तर लोअर बर्थवर आडवं होता येतं. परतताना आम्ही असंच आलो, आणि खरं सांगायचं तर आईला हेच आवडलं. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, हेही कारण असेल.

विमानानेच परतणार असाल तर हिवाळ्यात थोडा जास्त वेळ धरा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून वाहतात, जाताना पाठीशी असतात, येताना समोरून. जोरहाटचं विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तिथे फोटो काढायच्या फंदात पडू नका.

आणि शक्यतो दुपारच्या आत उतरा. घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य तिकडे आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे. चहाच्या मळ्यांत तर घड्याळच एक तास पुढे लावतात, त्याला बागान टाइम म्हणतात. आम्ही डिसेंबरात उतरलो, सामान घेऊन बाहेर येईपर्यंत पाच वाजले होते. आई म्हणाली, "आतेच रात व्हई गई का रे?" शाल मात्र सामानाच्या बॅगेत तळाशी होती. तुम्ही ती हातातल्या पिशवीत ठेवा.