घोडीच्या फुप्फुसातल्या गाठी

प्रश्न : महालक्ष्मीजवळच्या तबेल्यात माझी 14 वर्षांची घोडी आहे. पावसाळ्यापासून खोकते, बारीक ताप असतो, चंदी चाटूनपुसून खाते तरी बरगड्या दिसू लागल्यात. दमा समजून गवत भिजवून दिलं, फरक शून्य. आता एक्स-रेत फुप्फुसभर गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणतात, व्हायरस असावा. माझ्या मुलीला लागेल का? घोडी पुन्हा धावेल का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : आधी मुलीचं. डॉक्टरांच्या मनात बहुधा घोड्यांचा हर्पीस-5 आहे. तो माणसाला होत नाही. पण गाठी ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगानेही होतात, आणि त्याचा जिवाणू माणसाचाही जीव घेतो. म्हणून रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासायला गेलं का, हे आजच विचारा. निकाल येईपर्यंत मुलगी तबेल्यात नको. सईसाला मास्क, हातमोजे द्या. घोडीच्या नाकाशी दिवसभर तोच असतो आणि त्याची चौकशी कुणीच करत नाही.

ग्लँडर्स नसेल तर प्रश्न हर्पीस-5चा. या व्हायरसचा आणि गाठी होऊन फुप्फुस निबर करणाऱ्या आजाराचा संबंध 2007मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला. गोची अशी की हाच व्हायरस धडधाकट घोड्यांतही सापडतो. त्यामुळे नाकातल्या बोळ्यावर तो मिळाला म्हणून निदान होत नाही. फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी तपासावं लागतं, आणि खात्री हवी तर गाठीचा तुकडा. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, तेव्हा सोनोग्राफी बघत सुई घालणाराच डॉक्टर शोधा. शेजारच्या ठाणातल्या घोड्यांची फार धास्ती नको. हा आजार सहसा एखाद्‌दुसऱ्यालाच गाठतो.

उपचार म्हणजे स्टेरॉइड आणि व्हॅलासायक्लोव्हिरसारखी व्हायरसविरोधी औषधं. गोळ्या माणसांच्याच, पण साडेचारशे किलोच्या जिवाला मूठमूठ लागतात. खर्चाचा अंदाज आधीच घ्या. स्टेरॉइडने खुरांना सूज येऊ शकते, म्हणून रोज खूर हाताने चाचपायचे, गरम लागले की फोन.

धावण्याचं विचारलंत. काही घोडे सावरतात, बरेच सावरत नाहीत. खोटी आशा मी देणार नाही. स्वारी तूर्त बंद. पहाटे, चंदीआधी, घोडी शांत उभी असताना सईसाला कुशीची हालचाल मोजायला सांगा. निरोगी घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो. आकडा तिशीपार गेला आणि नाकपुड्या फुगलेल्याच राहिल्या, तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.