आधी तारीख लिही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. कांदा निर्यातीच्या धोरणावरचं तुझं टिपण वाचलं. ‘ग्राहक आणि शेतकरी, दोघांच्याही हिताचा विचार व्हावा’ इथवर येऊन तू थांबलीस, आणि नक्की कोणाचं खरं ते कळत नाही म्हणून मला विचारतेस. कळणार कसं? अख्ख्या टिपणात वर्षं आहेत, तारीख एक नाही. अगं, कांदा हंगामात पिकतो!

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. तेव्हा माल होता तो कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर मांडवात, भरून ठेवलेला उन्हाळ कांदा; हा टिकतो. ज्याच्या डोक्यावर गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज, त्याने तो एप्रिल-मेमध्येच मिळेल त्या भावाला काढला होता. म्हणजे तो फटका मुख्यतः चाळ असलेल्याला, थांबण्याची ऐपत असलेल्याला बसला. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली, तेव्हा लाल कांदा काढणीला आलेला. तो टिकत नाही. ढिगात पडला की ओल धरतो, कोंब फुटतात. ट्रॉली बाजार समितीत उभी, व्यापारी ओंजळभर कांदा उचलून बोली लावतो, ती कितीही पडलेली असो. माल परत न्यायचा तर डिझेल पदरचं. तिथे चाळवाला आणि बिनचाळीचा एकाच रांगेत. सरकार तेच, कारण तेच (देशात भाव चढू नयेत), मार खाणारा निराळा. म्हणून म्हणतो, अधिसूचनेची तारीख आणि काढणीची तारीख शेजारी-शेजारी लिही.

आणि सगळंच सरकारच्या माथी मारू नकोस. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यात खुली होती, तरी भाव कोसळले. तो मार आवकेचा. मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यातून मुंबईकडे पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत कांदा होता, तो याच पडझडीमुळे. हेही तारखेनेच कळतं.

शहरातल्या रोजंदारीवरच्या घराचं काय, असं तू विचारशील. विचारायलाच हवं. पण मग तिथेही तारीख लाव. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ होती. ती संपण्याआधीच वाढवली, उन्हाळ कांदा बाजारात येऊ लागलेला असताना. ४ मेला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातभाव (त्याखाली बाहेर विकायचं नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला. लावायला एक रात्र, काढायला एकोणीस महिने. यातले किती दिवस खरंच किरकोळ बाजार चढलेला होता, ते तू मोज.

आमच्या खात्यात मला हेकट म्हणायचे. सरासरी भावाचा तक्ता मागितला की मी हिशोबपट्ट्यांचा, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावत्यांचा, गठ्ठा पुढे करायचो. साहेब वैतागायचे, बढतीच्या यादीतून नाव गळायचं. सल आहे, नाही कशाला म्हणू? पण सरासरीत डिसेंबरचा माणूस ऑगस्टच्या माणसाखाली गाडला जातो, आणि ते माझ्या सहीने व्हायला नको होतं. आजही तसंच वागेन.

तेव्हा टिपण मागे घे. पट्ट्या जमव. हमाली, तोलाई वजा जाऊन हातात पडलेली रक्कम तळाशी असते; तिच्याआधी वरची तारीख उतरव. ऑगस्टच्या पट्ट्या वेगळ्या ठेव, डिसेंबरच्या वेगळ्या. एकत्र बेरीज करून पाठवलंस तर मी वाचणार नाही.

तुझा,
काका