आकडे की डोळे? भांडायच्या आधी खेळाडूचं वय विचार

अगं ऐक,

तुझा मेसेज वाचला. स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करतेयस, पुढे एखाद्या बेसबॉल टीममध्ये ॲनालिस्टचं काम हवंय, आणि सध्या जो भेटेल त्याच्याशी वाद चाललाय की खेळाडू ओळखायला आकडे पुरतात, ते टोपी घालून स्टँडमध्ये बसणारे स्काउट, म्हणजे मॅच बघून नवे खेळाडू हेरणारे लोक, आता हवेतच कशाला. वाद जरूर घाल, पण ज्या बाजूने घालतेयस त्यात एक मोठा खड्डा आहे आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये त्यात पडू नयेस म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी तुझ्या बाजूचं, कारण ते खरंच भक्कम आहे. एका बॅटरचं ॲव्हरेज (हिट भागिले ॲट-बॅट) .३०० आणि दुसऱ्याचं .२७५ असेल तर पहिला स्टार आणि दुसरा साधा, बरोबर? आता ६०० ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) धर, एकाच्या हिट (बॉल मारून बेस गाठणं) होतात १८० आणि दुसऱ्याच्या १६५, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांत फक्त १५ हिटचा फरक. दोन-तीन मॅच बघून गेलेल्या माणसाला हा फरक दिसणं शक्यच नाही, त्याची नजर कितीही तयार असली तरी. शिवाय वॉक. पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार बॉल ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, आणि हे कौशल्य स्काउटच्या जुन्या पाच कसोट्यांमध्ये (हिटिंग, पॉवर, धावणं, फील्डिंग, थ्रो) वेगळं मोजलंच जात नव्हतं. म्हणून असे खेळाडू बाजारात स्वस्त मिळायचे आणि ओकलंड टीमचा मॅनेजर असलेल्या बिली बीनने (जनरल मॅनेजर, खेळाडू निवडणारा) नेमके तेच उचलले. २००२ मध्ये त्याच्या टीमचा पगाराचा खर्च साधारण ४ कोटी डॉलर, यँकीजचा १२ कोटींच्या वर, आणि दोघांनी मॅच जिंकल्या सारख्याच, १०३. त्यात ओकलंडने सलग २० जिंकल्या. हे सगळं तुला पाठच असणार.

पण त्याच टीमकडे नीट बघ ना. त्या वर्षी अमेरिकन लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) होता ओकलंडचाच मिगेल तेहादा, आणि तो कुठून आला? डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा गरीब घरातला पोरगा, १९९३ मध्ये २,००० डॉलरवर साइन केलेला, आणि ते साइन करणारा स्काउट म्हणजे हॉल ऑफ फेममधला (दिग्गजांच्या मानाच्या यादीतला) पिचर हुआन मारिचाल. त्या पोराचे कुठले आकडे होते गं तेव्हा? कोण ठेवणार होतं? आणि उलट, त्याच २००२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ओकलंडने अलाबामा युनिव्हर्सिटीचा कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल घेणारा) जेरेमी ब्राउन ३५ व्या नंबरवर घेतला, कॉलेजचे आकडे झकास, वॉक भरपूर, स्काउट म्हणत होते की शरीर साथ देणार नाही. तो मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, एकूण ५ मॅच खेळला. एका माणसावरून सिद्धांत काढू नये हे मला मान्य आहे, पण मग तेच तेहादाला आणि तुझ्या लाडक्या उदाहरणांनाही लागू होतं.

मला जे सांगायचंय ते हे, की आकडे की डोळे हा प्रश्नच अर्धा आहे. खेळाडूचं वय किती आणि आकडे कुठल्या लेव्हलचे, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मेजर लीगमध्ये दोन-तीन हजार ॲट-बॅट झालेल्या माणसाबद्दल कोणी म्हणालं की "मला याचा स्विंग आवडत नाही", तर गप्प बस म्हणून सांग, हवं तर माझं नाव सांग. पण सतरा वर्षांच्या मुलाचे हायस्कूलचे आकडे म्हणजे शाळेच्या क्रिकेटमध्ये समोर कसली बॉलिंग होती हे न विचारता डबल सेंच्युरीवर भाळणं.

माइक ट्राउटचं घे. आमच्या न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा मुलगा, इथे थंडी इतकी की शाळेचा सीझन छोटा, समोरचे पिचर सामान्य, त्यामुळे त्याने कितीही होम रन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) मारले तरी त्यातून काय काढायचं हे कोणालाच कळेना. एंजल्स टीमचा स्काउट ग्रेग मोरहार्ट त्याला पुन्हा पुन्हा बघत राहिला, तो स्वतः ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालची पातळी) खेळलेला, त्याला त्या शरीरात आणि वेगात काहीतरी दिसलं आणि त्याने ते लावून धरलं. २००९ च्या ड्राफ्टमध्ये ट्राउट २५ व्या नंबरवर गेला, आणि २४ वा नंबरही एंजल्सचाच होता, त्यावर त्यांनी दुसराच मुलगा घेतला होता! म्हणजे बाकी टीम्सच्या डोळ्यांना आणि आकड्यांना, दोघांनाही तो पुरता दिसला नाही, एका माणसाला दिसला.

  

डोळे चुकतात तेव्हा भयानक चुकतात, हेही लिहून ठेव. होसे अल्तुवे व्हेनेझुएलात ह्यूस्टन टीमच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) गेला तर उंचीकडे बघूनच परत पाठवला, ५ फूट ६ इंच. पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि अल पेड्रीक नावाच्या माणसाने त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणून १५,००० डॉलरवर घेतला. २०१७ चा अमेरिकन लीगचा एमव्हीपी तो. इथे चूकही डोळ्यांची आणि दुरुस्तीही डोळ्यांचीच, फक्त दुसऱ्या माणसाच्या, ज्याने उंचीऐवजी बॅट बघितली.

आणि आकडे कधी चुकतात? खेळाडू बदललेला असतो आणि आकडे जुन्याच माणसाचे असतात तेव्हा. जे. डी. मार्टिनेझने २०१३ नंतरच्या हिवाळ्यात स्वतःचा स्विंग मुळापासून नवा केला. मार्च २०१४ मध्ये ह्यूस्टनने, तेव्हा आकड्यांवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवणाऱ्या टीम्सपैकी एक, त्याला रिलीज केलं, कारण तीन वर्षांचे आकडे सांगत होते की हा काही खास नाही. डेट्रॉइटने घेतला, त्याच सीझनला .३१५ आणि २३ होम रन. ते तीन वर्षांचे आकडे खोटे नव्हते, पण तो स्विंग आता अस्तित्वातच नव्हता, आणि हे कळायला बॅटिंग प्रॅक्टिसला कोणीतरी जाळीजवळ उभं राहून नीट बघायला हवं होतं.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कॅचरची आहे. जुने कोच आणि स्काउट कायम म्हणायचे की अमुक कॅचर बॉल इतका शांत हाताने घेतो की कडेचा बॉल अंपायर स्ट्राइक (पिचरच्या बाजूचा निर्णय) देतो. आकडेवाले म्हणायचे दाखवा, मोजून दाखवा, आणि मोजता येईना म्हणून कित्येकांनी ते सोडूनच दिलं. मग पिचरने टाकलेला प्रत्येक बॉल नेमका कुठून गेला हे नोंदवणारे कॅमेरे आले, २०११ च्या सुमारास त्यावर नीट काम झालं आणि निघालं काय, तर हा फरक खरा आहे आणि लोकांना वाटत होता त्यापेक्षा मोठा. टॅम्पा बेने लगेच होसे मोलिनाला घेतलं, बॅटिंग यथातथाच, धावायला सावकाश, पण हात सोन्याचे. म्हातारे बरोबर होते गं. पण किती बरोबर होते, त्या हातांची किंमत किती रन, हे तुझ्यासारख्या आकडेवाल्यांनीच सांगितलं, ते स्काउटला कधीच सांगता आलं नसतं. तुला करिअर करायचंय ना, मग असे प्रश्न शोध. स्काउट एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बोलतोय आणि डेटात ती दिसत नाही, तर आधी हे तपास की तुझा डेटा ती गोष्ट मोजतो तरी का.

आता काम सांगतो. उन्हाळ्यात जवळच्या मायनर लीग पार्कमध्ये जा, तिकीट स्वस्त असतं, होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे बस, तिथे बॉलचा वेग मोजणाऱ्या रडार गन घेतलेले लोक, म्हणजे स्काउट, दिसतील. फोन बॅगेत. एक खेळाडू निवड आणि त्याचे आकडे अजिबात न बघता २० ते ८० च्या स्केलवर मार्क दे, ५० म्हणजे मेजर लीगचा सर्वसाधारण, आणि प्रत्येक मार्काला एक ओळ कारण लिही. "चांगला वाटला" हे कारण नाही. "बाहेरच्या स्लायडरवर (वळणाऱ्या बॉलवर) दोनदा थांबला, तिसऱ्यांदा फसला" हे कारण. घरी येऊन मग आकडे काढ आणि जिथे जुळत नाही तिथे खूण कर. शेजारी बसलेल्या स्काउटशी बोल, पण शिकवायला जाऊ नकोस, हे लोक तुटपुंज्या पगारावर हजारो मैल गाडी हाकतात, त्यांना विचार की आज तुम्ही काय बघायला आलात.

अशा पाच खेळाडूंचे कागद झाले की मला पाठव, आकडे आणि तुझे मार्क जिथे जुळले नाहीत ते वर ठेव. बाकीचं फोनवर बोलू.

तुझा,
काका