आमच्या संघात चार स्टॉपर आहेत: दोघे उंच, एक वेगवान, एक डावखुरा. सेंटर बॅकची जोडी कशी निवडावी?

चौघांतले सगळ्यात चांगले दोघे घ्या, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तो माणूस स्टॉपरला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, कधी खेळलेला नाही, एवढं खुशाल समजा.

तुम्ही प्रश्नात चौघांचंही वर्णन दिलंय. कोण किती उंच, कोण किती पळतो, कुणाचा पाय डावा. पण बॉल हवेत असताना कोण पुढे जातो आणि कोण मागे सरकतो, कुणाचा आवाज कुणाला ऐकू येतो, याबद्दल अवाक्षर नाही. सगळी मेख तिथेच आहे. आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही, अंगावर निघालेलं सांगतोय.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीच्या संघातून बरीच वर्षं स्टॉपरला खेळलो. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडे तालमी मूळच्या कुस्तीच्या, पण त्यांच्याच नावाचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की घरात बारसं असलं तरी माणसं ग्राउंडवर सापडतात. त्यामुळे संघात कोण खेळणार हे एकटा कोच ठरवत नाही. कट्टा ठरवतो, मंडळ ठरवतं, आणि आमच्या बाबतीत आमचे नानाही ठरवायचे. नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. तारुण्यात लाल मातीत घुमलेले, पुढे तालमीच्या फुटबॉलचे सर्वेसर्वा झालेले.

माझा जोडीदार साडेपाच फुटी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. रात्रपाळी करून थेट ग्राउंडवर यायचा. मैदानात तोंडाला क्षणाची उसंत नसायची, म्हणून त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. पळण्यात मी त्याच्या पुढे, हेडरला तर त्याचा प्रश्नच नव्हता. पण समोरच्या कीपरने लांब किक मारली की हा पठ्ठ्या बॉलकडे बघायचाच नाही. त्यांच्या फॉरवर्डचे खांदे कुठल्या बाजूला वळतायत ते बघायचा. मी उडी घेईपर्यंत तो पाच-सहा पावलं तिरका मागे सरकलेला असायचा. माझं डोकं लागलं तर ठीक, हुकलं तर बॉल नेमका त्याच्या छातीवर. 'चढ', 'थांब', 'माझा', 'सोड' या चार शब्दांवर आमचा धंदा चालायचा. कॉर्नरला मागून पाठीवर पंजा ठेवून मला माझ्या माणसाकडे ढकलायचा, तेवढ्यावर मला कळायचं की मागचा पोस्ट त्याने बघितलाय.

एका मोसमात लीगमध्ये आम्हाला गोल फार कमी बसले. मग नॉकआउटची स्पर्धा आली आणि नानांना अवदसा आठवली. बाहेरगावचा एक स्टॉपर, सहा फुटांच्या वर, अंगाने भरलेला, हेडर तोफेसारखा, तो मंडळाने पैसे मोजून आणला. पोरगा खरंच चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. नानांचा हिशेब सरळ: "दोन खांब उभं करू मधी, बॉल जाणारच न्हाई." रेडिओला बाकावर बसवलं. मी म्हटलं, "नाना, हा नवीन गडी आणि मी एकाच जातीचे स्टॉपर आहे. मागं कोण राहणार?" तर म्हणाले, "तुला खेळायचं हाय का त्याच्याशेजारी बसायचं हाय?"

पहिला गोल असा झाला. त्यांच्या कीपरची लांब किक, मी चढलो, नवीन गडीही चढला. दोघांची डोकी एकाच बॉलला. बॉल त्याच्या केसांना घासून मागे गेला आणि मागे आमच्या कीपरशिवाय चिटपाखरू नव्हतं. त्यांच्या बारक्या विंगरने चालत जाऊन गोल केला म्हटलं तरी चालेल. उत्तरार्धात मी ठरवलं, आता आपणच मागे राहायचं. तर गड्याने त्यांचा फॉरवर्ड ऑफसाइड सापडावा म्हणून हात वर करून बचावाची लाइन पुढे ओढली, हिंदीत काहीतरी ओरडला, ते त्या गोंगाटात ऐकू आलं नाही, आणि मी दोन पावलं मागे. म्हणजे फॉरवर्ड ऑनसाइड. दुसरा गोल. इकडे बाकावरून रेडिओ "चढ! चढ की!" म्हणून एवढा बोंबलत होता की लाइनमन त्याला दम द्यायला आला.

सामन्यानंतर नानांचा निकाल काय? तर "उंची कमी पडली." म्हणजे माझी! गोल दोन्ही जमिनीवरून झालेले, त्यात उंचीचा संबंध काय हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. लग्नाकार्यात पंगतीला बसलो तरी हा विषय निघतोच.

नानांची खोट कुठे आहे सांगतो. ते स्टॉपर निवडतात तसे जसा वस्ताद मल्ल निवडतो: वजन किती, उंची किती, मान कशी. कुस्तीत ते बरोबर आहे, तिथे आखाड्यात एकटा एकाशी लढतो. स्टॉपरला एकट्याने काही करायचंच नसतं.

उंचीचंच म्हणाल तर 2006 चा वर्ल्ड कप काढा. इटलीचा कप्तान कानावारो, पाच फूट नऊ इंच. त्याचा नेहमीचा जोडीदार नेस्टा गटातल्या चेक प्रजासत्ताकाविरुद्धच्या सामन्यात जखमी झाला आणि मातेराझी आत आला. मातेराझी ऑस्ट्रेलियाविरुद्ध रेड कार्ड खाऊन बाहेर, म्हणून युक्रेनविरुद्ध बरझाली. एवढी उलथापालथ होऊनही अख्ख्या स्पर्धेत इटलीला दोनच गोल बसले: एक स्वतःच्याच झाकार्दोचा स्वयंगोल, दुसरा फायनलमधली झिदानची पेनल्टी. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, कानावारोला मिळाला. हे नानांना सांगितलं तर म्हणतात, "शेजारी मातेराझी सहा फूट चार इंच होता की!" अहो, मी दुसरं काय बोंबलतोय? एकजण हवेतला, एकजण खेळ वाचणारा.

फर्डिनंड आणि विदिचचंही तेच. विदिच अंगावर जायचा, फर्डिनंड मागे उभा राहून पुढचा पास कुठे येणार ते बघायचा. दोघांच्या जागा बदलून बघा, मँचेस्टर युनायटेडची ती बचावफळी उभीच राहत नाही. आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर डेंपोचे महेश गवळी आणि समीर नाईक. गोव्याचा संघ आय-लीगवर राज्य करायचा त्या काळात ज्यांनी त्या दोघांना खेळताना बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आता तुमचा डावखुरा. हल्ली टीव्ही बघून सगळ्यांना वाटायला लागलंय की डावीकडच्या सेंटर बॅकचा पाय डावाच हवा. असला तर उत्तम, डाव्या कडेच्या बॅकला पास देताना शरीर उघडं राहतं, बॉल साइडलाइनच्या बाजूने पुढे जातो. पण विदिच उजव्या पायाचा होता आणि डावीकडे खेळायचा, व्हॅन डाइकही उजव्या पायाचाच आणि डावीकडेच. तेव्हा नुसत्या पायावर जागा देऊ नका.

दुसरं एक पाप करू नका. मधल्या फळीतला हुशार गडी मागे ओढू नका. 2020-21 मध्ये लिव्हरपूलचे व्हॅन डाइक, गोमेझ, मातिप असे तिघेही जायबंदी झाले आणि कोच क्लॉपने मधल्या फळीतल्या फॅबिनो आणि हेंडरसनला स्टॉपरला उभं केलं. ते बिचारे बरे खेळले, पण मधली फळी उसवली. शेवटी नॅट फिलिप्स आणि ऱ्हीस विल्यम्स ही कुणी फारशी नावंही न ऐकलेली पोरं मागे आली, फॅबिनो आपल्या जागी गेला आणि संघ तिसरा येऊन चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला. फिलिप्स-विल्यम्स जगातले चांगले स्टॉपर आहेत असं ते स्वतःही म्हणणार नाहीत. आपापल्या जागी माणसं असली की भागतं.

कुणीतरी आता 1994 ची मिलान काढणार हे मला ठाऊक आहे. चॅम्पियन्स लीगच्या अथेन्समधल्या फायनलला बरेसी आणि कोस्टाकुर्टा हे नेहमीचे स्टॉपर दोघेही निलंबित, तरी बार्सिलोनाला 4-0 ने धुतलं, मग जोडीला एवढं काय महत्त्व? तर त्या दिवशी मध्ये मालदिनी आणि फिलिपो गाली होते. दोघेही मिलानच्याच पोरांच्या संघातून वर आलेले, वर्षानुवर्षं एकाच लाइनमध्ये सराव केलेले. परगावाहून आदल्या आठवड्यात आणलेला कुणी नव्हता, नाना.

तुमच्या चौघांपुरतं सांगायचं तर माझा कौल एक उंच आणि तो वेगवान, असा. उंच दोघांपैकी जो कमी बोलतो तो बाद. तुमची लाइन मैदानाच्या मध्यापर्यंत चढत असेल तर वेगवान गडी हवाच, मागची जागा दुसरं कोण भरणार? डावखुऱ्याला त्या दोघांशी आलटून पालटून सरावात लावा आणि ठरवण्याआधी एक करा: दोन स्टॉपर, समोर तीन फॉरवर्ड, लांबून एकामागून एक बॉल टाकत राहा, आणि तुम्ही बॉल सोडून फक्त दोघांमधल्या अंतराकडे बघा. एक चढला की दुसरा आपोआप तिरका मागे जातो का? न सांगता जात असेल तर जोडी सापडली. दर वेळी ओरडून सांगावं लागत असेल तर कितीही भारी खेळाडू असू देत, नको. जोडी ठरली की एका पराभवावर मोडू नका.

काही गोष्टी मात्र राहिल्या. कीपर गप्प बसणारा असेल तर वरचं निम्मं फुकट आहे. स्टॉपरांच्या पुढे मधल्या फळीत उभा राहणारा हाफही तेवढाच महत्त्वाचा. 2019 च्या एशियन कपमध्ये बहरीनविरुद्ध भारताचा स्टॉपर अनस चौथ्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला, त्याची झिंगनबरोबरची जोडी फुटली, तरी नव्वद मिनिटं गोल बसला नाही. बरोबरी झाली असती तर भारत पुढच्या फेरीत. पण इंज्युरी टाइममध्ये हाफच्या जागेवरच्या प्रणय हलदरच्या हातून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, फाउल झाला, बहरीनला पेनल्टी मिळाली आणि तीच नडली. त्याचा दोष स्टॉपरांना देऊ नये.

आणि तुमचा संघ सगळा वेळ स्वतःच्या डीभोवती बसूनच खेळत असेल, मैदान बारकं असेल, समोरचे नुसते क्रॉस आणि कॉर्नर मारत असतील, तर दोन्ही उंच घेतलेले चालतात. एवढं नानांचं बरोबर आहे. पण आम्ही तसं खेळत नव्हतो. आमचे कडेचे दोन्ही बॅक वर चढायचे, लाइन पुढे असायची आणि हे संघनिवडीच्या बैठकीत मी नानांना तोंडावर सांगितलं होतं. त्या बैठकीला हजर असलेले बरेचजण अजून पेठेत आहेत. विचारा त्यांना.