लिटर तेच, टक्के दोन

प्रश्न : माझे बाबा (वय ६१) हिंगणघाटजवळच्या जिनिंगमध्ये पंचवीस वर्षं कामाला होते. आता वावरातून घरी येईपर्यंत दम लागते. वर्ध्याला फुंकण्याची तपासणी केली तर ६९ टक्के आले, पंधरा दिवसांनी नागपूरला ७६. मधल्या काळात एक गोळीही घेतली नाही. मग सुधारणा कशी झाली? नागपूरचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे.
– एक वाचक, तालुका हिंगणघाट

उत्तर : ताई, सुधारणा झालेली नाही. तुम्ही पाठवलेले दोन्ही रिपोर्टचे फोटो मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बाबांनी दोन्हीकडे २.४० लिटरच हवा फुंकली आहे. टक्के निघतात ते या उंची-वयाच्या माणसानं किती फुंकावी त्या अपेक्षित आकड्यावरून, आणि फरक त्यातच आहे : वर्ध्याला ३.५०, नागपूरला ३.१५. कारण वर उंचीच्या (१६० सेंमी) शेजारी बारीक अक्षरात छापलंय. एका कागदावर वंश ‘कॉकेशियन’, म्हणजे गोरा, दुसऱ्यावर ‘भारतीय’. नागपूरच्या यंत्रानं गोऱ्यांच्या आकड्याला सरळ ०.९ नं गुणलं.

ही रीत जुनी आहे आणि तिचं मूळ काही चांगल्या घरचं नाही. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सननं दोन हजारांवर माणसांना स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्रात, फुंकायला लावलं आणि श्वास उंचीप्रमाणे वाढतो हे दाखवलं. पाचच वर्षांनी अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरनं त्याच यंत्राच्या आधारे काळ्यांची फुप्फुसं गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी भरतात असं लिहिलं. का, तर गुलामीची मेहनत त्यांच्या प्रकृतीला मानवते हे सिद्ध करायचं होतं. गुलाम पळून जातो हासुद्धा त्यानं रोगच ठरवला होता! १८६९ मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांची मापं छापून आली. काळ्या सैनिकांचे आकडे कमी होते. ते कसे वाढले, काय खाऊन जगले, याचा हिशेब कुणी केला नाही. पुढे ही वजावट यंत्रातच बसली. १९९९ मध्ये बाल्टिमोरला अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका कंपनीनं तर कोर्टात मागणी केली, की काळ्या कामगारांनी भरपाईसाठी फुप्फुसांचा गोऱ्यांपेक्षा जास्त बिघाड दाखवावा.

आपल्याकडे सरासरी कमी येते, हे खरं. पण लहानपणची उपासमार आणि चुलीचा धूर त्यात किती, हे ०.९ सांगत नाही. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनं वंश न पाहता एकच सूत्र वापरा अशी शिफारस केली. आपल्या तालुक्यातल्या यंत्रांपर्यंत ती पोचायला वेळ लागेल.

तुमच्यासाठी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. पहिल्या सेकंदात निघालेली हवा भागिले एकूण हवा : दोन्ही कागदांवर ०.६२. वंशाचा रकाना बदलला तरी हा आकडा हलत नाही. तो ०.७० च्या खाली आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्या आहेत. ‘वयाच्या मानानं ठीक’ मला पटत नाही. दोन्ही कागद घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. कापसाच्या धुळीत किती वर्षं गेली, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. पुढची तपासणी एकाच यंत्रावर, एकाच रकान्यात करा, आणि टक्क्यांपेक्षा लिटर वहीत लिहून ठेवा.

बाबा बिडी ओढायचे का, हे मात्र तुम्ही पत्रात शिताफीनं टाळलंय. तेही डॉक्टरांना सांगा.