अनअटेंडेड (आपोआप चालणाऱ्या) विंडोज इन्स्टॉलमध्ये ड्रायव्हर घातला, तरी सेटअपला डिस्क दिसत नाही. काय चुकतंय?

कोथरूडच्या लॅबसाठी ४० लॅपटॉप, उत्तर-फाइल (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) तयार, इन्स्टॉल.विममध्ये ड्रायव्हरही घातलाय, तरी डिस्कची यादी रिकामी, असं तुम्ही लिहिलंय. ड्रायव्हर बहुधा बरोबर आहे, जागा चुकलीय.

पेनड्राइव्हवर दोन वेगळी विंडोज असतात. बूट.विम हे सेटअप चालवणारं छोटं विंडोज, इन्स्टॉल.विम हे डिस्कवर उतरणारं. ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज कंट्रोलरच्या मागे असते, त्यामुळे व्हीएमडीचा ड्रायव्हर छोट्या विंडोजलाही लागतो.

इमेज (विम फाइल) उघडण्याआधी एका लॅपटॉपवर खात्री करा. सेटअपमध्ये शिफ्ट+एफ१० दाबा (काही ठिकाणी एफएनसकट), उघडलेल्या कमांड विंडोत ड्रव्हलोड या कमांडला ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलचा पूर्ण पाथ द्या आणि डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' करा. डिस्क दिसली की ड्रायव्हर पक्का. नाही दिसली तर पॅकेज बहुधा त्या मॉडेलचं नाही.

आता बूट.विम. यात दोन इंडेक्स (क्रमांक दिलेल्या वेगळ्या इमेज) असतात आणि सेटअप चालतो इंडेक्स २ मधून. पुष्कळ जण १ मध्ये ड्रायव्हर घालून डोकं धरून बसतात! इंडेक्स २ डिझमने (विंडोजचं इमेज बदलायचं कमांड-टूल) माउंट करा, म्हणजे फोल्डरात उघडा, ॲड-ड्रायव्हरला रिकर्स जोडा (म्हणजे आतले फोल्डरही धरले जातात), अनमाउंट करताना कमिट द्या, म्हणजे बदल सेव्ह होतात. डिस्कार्ड दिलंत की मेहनत पाण्यात. माउंटच होत नसेल तर आयएसओतून आलेल्या फाइलचा रीड-ओन्ली टिक काढा.

डिझमला व्हेंडरची ईएक्सई चालत नाही. ती सोडवून आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फाइल एकाच फोल्डरात ठेवा. त्याच मॉडेलचा चालू लॅपटॉप हाताशी असेल तर विंडोजमधल्या पीएनपीयुटिल कमांडच्या एक्सपोर्ट-ड्रायव्हरने सगळे ड्रायव्हर एकदम निघतात.

इन्स्टॉल.विममधला ड्रायव्हर तसाच राहू द्या. तो फक्त बूट.विममध्ये असेल तर इन्स्टॉल होईल, पण पहिल्या रीस्टार्टला 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येऊ शकते. शिवाय प्रत्येक एडिशनचा इंडेक्स वेगळा, म्हणून उत्तर-फाइल जो निवडते त्यातच ड्रायव्हर आहे ना, ते पाहा. वायफाय, ऑडिओ, टचपॅडचे ड्रायव्हरही इन्स्टॉल.विममध्येच घाला. बूट.विम अख्खं रॅममध्ये चढतं, ते उगाच फुगवू नका.

इन्स्टॉल.विम ४ जीबीच्या वर गेलं तर फॅट३२ पेनड्राइव्हवर मावणार नाही. डिझमच्या स्प्लिट-इमेजने त्याचे तुकडे, म्हणजे एसडब्ल्यूएम फाइली, करा.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण ते ४० वेळा करावं लागेल, आणि काही मॉडेलांत तो पर्यायच नसतो.