चाली उसन्या, मग नाट्यसंगीत स्वतंत्र कसं?

तुमचा प्रश्न असा आहे की, जुन्या संगीत नाटकांतली बरीच पदं आधीच्या बंदिशी (रागात बांधलेल्या रचना), लावण्या, कीर्तनातल्या पदांच्या चालींवर बेतलेली आहेत, मग नाट्यसंगीत हा स्वतंत्र प्रकार म्हणायचा की नुसती उसनवारी? नाट्यपदांना पेटीची साथ करण्यात माझी वीसेक वर्षं गेली, तेव्हा वाजवणाऱ्याच्या जागेवरून सांगतो.

उसनवारी आहे आणि ती कधी कुणी लपवली नव्हती. आमच्या घरी आजोबांच्या वेळची नाटकाची पुस्तकं आहेत, पानं पिवळी पडलेली, शिवण सुटलेली. त्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग, ताल आणि पुढे ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले असतात. गाणाऱ्याला शब्द पुस्तकातून मिळायचे आणि चाल त्या एका ओळीवरून कळायची, कारण मूळ गाणं लोकांच्या कानात असायचंच.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यात दोनशेच्या आसपास पदं. इतक्या नव्या चाली कुणी बांधत बसलं असतं तर नाटक उभंच राहिलं नसतं. कीर्तनातली साकी, दिंडी ही वृत्तं, शिवाय लावणी, कानडी पदं, जे जे लोकांना ठाऊक होतं ते त्यांनी घेतलं. दिंडीच्या एका चरणात 19 मात्रा, नऊवर थांबायचं आणि मग दहा. कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला ती झोपेतही म्हणता येते. तीच दिंडी शकुंतलेच्या तोंडी आली की ऐकणारा पहिल्या ओळीपासून तिच्याबरोबर असतो.

पुढे 1911 च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचं, म्हणजे भावप्रधान उपशास्त्रीय गाण्याचं वळण आणलं, 1916 च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या, म्हणजे रागदारी मैफलीतल्या बंदिशींचं. म्हणजे उसनं घेण्याचं ठिकाण बदलत गेलं, तरी लोक त्या सगळ्याला नाट्यसंगीतच म्हणत राहिले. माझ्या मते खरी गंमत इथे आहे.

‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ घ्या. राग यमन. यमन हजारो मैफलींत गायला जातो. पण हे पद रुक्मिणीचं आहे आणि तिला कृष्णाबद्दल बोलायचंय. बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका ऐकताना तेवढ्या तीन शब्दांकडेच लक्ष द्या. ‘नाथ’वरचा भार वेगळा, ‘माझा’वरचा वेगळा. ‘माझा’ पुन्हा येतो तेव्हा स्वर जरासाच हलतो, पण त्या हलण्यात तिचा सगळा हक्क ऐकू येतो. शब्द असा फिरवून फिरवून म्हणणं ठुमरीतही आहे, मात्र इथे तो फिरवणारी एक ठरावीक बाई आहे, तिच्यासमोर प्रसंग आहे आणि पद संपलं की तिला पुढचं वाक्य बोलायचंय. साथ करतानाही हे हाताला कळतं. संवादाच्या शेवटच्या वाक्याखाली आपण हळूच सूर धरायचा, नटाने बोलता बोलता त्यात शिरायचं. मैफलीत हे करावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’साठी संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी स्वतःच्या चाली बांधल्या, पदं आटोपशीर ठेवली. उसनवारी हेच नाट्यसंगीताचं लक्षण असतं तर ही पदं बाहेर पडली असती. तसं झालं नाही. चाल उसनी असो की नवी, ती पात्राच्या तोंडी बसली का, एवढंच लोकांनी पाहिलं.

गाण्यावर कुठल्या प्रकाराचा शिक्का मारायचा, हे म्हणाल तर ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आज कित्येक घरांत देवापुढे लागते. ती रचणारा होनाजी लावण्यांसाठी प्रसिद्ध असलेला शाहीर. भूपाळी आणि लावणी, दोन्ही त्याचंच.

मला खटकतं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात निवेदकाने ओळीने पाच पदांना ‘पारंपरिक चाल’ म्हणून टाकलं. त्यातल्या दोनांचे संगीतकार पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेले होते आणि उरलेल्या तिघांच्या डोक्यावर ‘चाल’ची ओळ होती. मध्यंतरात मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे चाळलं. उत्तरार्धात प्रत्येक पदाआधी त्यांनी ती बारीक अक्षरातली ओळ वाचून दाखवली. एका पदाला तर पहिल्या रांगेतल्या एक आजी मूळ गाणंच गुणगुणायला लागल्या आणि गायिकेने थांबून त्यांना ते पूर्ण म्हणू दिलं.